पाळणाघरातील फोमच्या गाद्या, खेळणी आणि ज्वालारोधक रसायने : खरेदी करताना नेमके काय विचारावे?

जाईजुई

नमस्कार. कोथरूडमध्ये सासूबाईंनी सुरू केलेले पाळणाघर आता मी चालवते. सहा महिने ते पाच वर्षे वयाची मुले आमच्याकडे दिवसभर असतात आणि दुपारची झोप फोमच्या पातळ गाद्यांवर घेतात. जुन्या गाद्यांची कव्हरे विरली आहेत, आतल्या फोमचा भुगा बाहेर येऊ लागला आहे, त्यामुळे सर्व गाद्या आणि रांगत्या मुलांसाठीचे मऊ ठोकळे या उन्हाळ्यात बदलायचे ठरवले आहे.

मागवलेल्या दरपत्रकांपैकी एकात ‘फायर रिटार्डंट फोम’, म्हणजे आग रोखणारी (ज्वालारोधक) रसायने मिसळलेला फोम, असा वेगळा, महागडा पर्याय दिलेला आहे. इमारतीच्या अग्निसुरक्षेचे काम पाहणाऱ्या सल्लागारांनी तोच घ्यावा असे तोंडी सुचवले. दुसरीकडे, काही वर्षे कॅलिफोर्नियात राहून परतलेल्या एका पालकांचे म्हणणे असे की, तिथे लहान मुलांच्या वस्तूंत ही रसायने वापरायला कायद्यानेच बंदी आहे आणि आपण जास्त पैसे मोजून तीच विकत घेऊ नयेत. दोन्ही माणसे मुलांच्या सुरक्षिततेबद्दलच बोलत आहेत, म्हणून माझा गोंधळ अधिक.

आपल्याकडचा कायदा याबाबत काय म्हणतो, खेळण्यांवरच्या आयएसआय चिन्हात या रसायनांची तपासणी येते का, आणि दुकानदाराला कोणत्या शब्दांत विचारले म्हणजे सरळ उत्तर मिळेल, हे जाणकारांनी कृपया सांगावे. जुन्या गाद्यांचे काय करावे, हेही.

पाषाणकर

ताई, कॅलिफोर्नियाहून परतलेल्या त्या पालकांची माहिती बरोबर आहे. मी पॉलिमरच्या क्षेत्रात नोकरी करून निवृत्त झालो आहे. विषय थोडा मुळापासून मांडतो, कारण ‘बंदी आहे’ किंवा ‘नाही’ एवढ्याने तुमची खरेदी होणार नाही.

पॉलियुरेथेन फोम हा खनिज तेलापासून बनणारा, हवेने भरलेला पदार्थ असल्यामुळे तो झपाट्याने पेटतो. त्यावर उपाय म्हणून ब्रोमीन किंवा क्लोरीन असलेली संयुगे त्यात मिसळली जातात. तापल्यावर ती फुटतात आणि त्यांतून सुटलेले हॅलोजन ज्वाळेतील साखळी-अभिक्रिया काही काळ रोखून धरते. अडचण अशी की फोममध्ये वापरली जाणारी यांपैकी बहुतेक रसायने पॉलिमरला रासायनिक बंधाने जोडलेली नसतात. गुलाबजामात पाक मुरावा तशी ती नुसती मुरलेली असतात. म्हणून ती वर्षानुवर्षे हळूहळू बाहेर येतात, घरातल्या धुळीला चिकटतात आणि जमिनीवर रांगणारे, दर मिनिटाला हात तोंडात घालणारे मूल ती धूळ कुणाहीपेक्षा जास्त खाते. अमेरिकेत 2014 मध्ये आई आणि मूल यांच्या लघवीची एकत्र तपासणी झाली, तेव्हा टीडीसीपीपी या क्लोरीनयुक्त ज्वालारोधकाचा अवशेष मुलांमध्ये आईच्या जवळपास पाचपट आढळला होता.

जुन्या पिढीतील ब्रोमीनयुक्त रसायने, म्हणजे पीबीडीई, यांची रचना थायरॉइड संप्रेरकाशी मिळतीजुळती असते. कॅलिफोर्नियातील सॅलिनास खोऱ्यात गर्भवती स्त्रिया आणि त्यांची मुले यांचा अनेक वर्षे पाठपुरावा करणाऱ्या अभ्यासात, ज्यांच्या रक्तात पीबीडीई अधिक होते त्या मुलांमध्ये लक्ष केंद्रित करणे, बोटांच्या बारीक हालचाली आणि बुद्ध्यंक या तिन्ही बाबतींत घट दिसली. असे अभ्यास सहसंबंध दाखवतात, कार्यकारणभाव सिद्ध करत नाहीत. तरीही निरनिराळ्या ठिकाणच्या मुलांत तोच कल पुन्हा पुन्हा दिसला आहे.

आता इतिहास, जो मला या विषयातला सर्वांत बोधप्रद भाग वाटतो. सत्तरच्या दशकात अमेरिकेत मुलांच्या रात्रीच्या कपड्यांना ज्वलनचाचणी सक्तीची झाली आणि ती पार करण्यासाठी कापडात ‘ट्रिस’ नावाचे ब्रोमीनयुक्त रसायन घातले जाऊ लागले. जानेवारी 1977 मध्ये आर्लीन ब्लम आणि ब्रूस एम्स यांनी ‘सायन्स’ या नियतकालिकात त्याच्या संभाव्य कर्करोगकारकतेबद्दल लिहिले आणि त्याच वर्षी मुलांच्या कपड्यांत त्यावर बंदी आली. त्याची जागा क्लोरीनयुक्त ट्रिसने, म्हणजे वर उल्लेखलेल्या टीडीसीपीपीने घेतली. कपड्यांतून तेही काढावे लागले. पण कपड्यांतून हाकललेले हेच रसायन पुढे बाळांच्या गाद्या-उशांच्या फोममध्ये जाऊन बसले! 2011 मध्ये लहान मुलांच्या वापरातील 101 वस्तूंच्या फोमचे नमुने तपासले गेले. 80 टक्के नमुन्यांत ओळखता येतील अशी ज्वालारोधके सापडली आणि त्यांत टीडीसीपीपी सर्वाधिक आढळणारे होते.

यामागे कॅलिफोर्नियाचा 1975 चा टीबी 117 हा नियम होता. उघड्या फोमने छोट्या ज्वाळेपुढे 12 सेकंद टिकले पाहिजे, अशी त्यात अट होती. नियम एका राज्याचा असला तरी कंपन्या सगळ्या देशासाठी एकच माल बनवत असल्याने रसायने सर्वदूर पोहोचली. पुढे 2013 मध्ये हा नियम बदलून ज्वाळेच्या जागी धुमसत्या सिगारेटसारख्या उगमाची आणि कापडासहित चाचणी आली, जी रसायनांशिवायही पार करता येते. त्यानंतर 2018 मध्ये त्या राज्याने एबी 2998 हा कायदा केला. 1 जानेवारी 2020 पासून तिथे मुलांच्या वस्तूंत, गाद्यांत आणि गादीदार फर्निचरमध्ये वजनाच्या 0.1 टक्क्याहून अधिक ज्वालारोधक रसायन असलेला नवा माल विकता येत नाही. मुलांच्या वस्तूंच्या यादीत दुपारच्या झोपेच्या गाद्या आणि जमिनीवर अंथरायच्या खेळाच्या मॅट नाव घेऊन दिलेल्या आहेत, म्हणजे तुमचा प्रश्न तिथे कायद्यातच सुटलेला आहे. मोटारीतील बाळांच्या खुर्च्या मात्र त्यातून वगळल्या आहेत, कारण त्यांना अमेरिकी केंद्र सरकारचा वेगळा ज्वलननियम लागू होतो.

आपल्याकडे भारताने चिवट सेंद्रिय प्रदूषकांवरचा (निसर्गात लवकर न विघटणाऱ्या रसायनांवरचा) स्टॉकहोम करार 2006 मध्ये मंजूर केला आणि मार्च 2018 मध्ये पर्यावरण मंत्रालयाने काढलेल्या नियमांनी सात चिवट सेंद्रिय प्रदूषकांचे उत्पादन, व्यापार, वापर, आयात आणि निर्यात यांवर बंदी घातली. त्या सातांत पेंटा आणि ऑक्टा हे पीबीडीईचे व्यापारी प्रकार, हेक्साब्रोमोबायफिनाइल आणि एचबीसीडी ही ज्वालारोधके आहेत. डेका हा पीबीडीईचा तिसरा प्रकार त्या यादीत नाही, आणि आजच्या फोममध्ये वापरली जाणारी क्लोरीनयुक्त फॉस्फेट संयुगेही नाहीत. ई-कचरा नियमांत पीबीडीईवर 0.1 टक्क्याची मर्यादा आहे, पण ती विद्युत आणि इलेक्ट्रॉनिक उपकरणांना लागू होते. तुमच्या गादीला किंवा कापडी बाहुलीला नव्हे.

खेळण्यांसाठी 2020 चा गुणवत्ता नियंत्रण आदेश जानेवारी 2021 पासून अमलात आहे आणि 14 वर्षांखालील मुलांच्या खेळण्यांना आयएसआय चिन्ह सक्तीचे आहे. आयएस 9873 या खेळण्यांच्या मानकाच्या ज्या भागांवर ते चिन्ह मिळते त्यांत टोकदार कडा आणि सुटे भाग, ज्वलनशीलता, शिशासारख्या धातूंचे झिरपणे आणि प्लास्टिक मऊ करणारी थॅलेट्स यांची तपासणी येते. ज्वालारोधकांची मात्रा मोजणे त्यात येत नाही. युरोपीय संघात मात्र तीन वर्षांखालील मुलांच्या आणि तोंडात घालायच्या खेळण्यांसाठी टीसीईपी, टीसीपीपी आणि टीडीसीपीपी या क्लोरीनयुक्त ज्वालारोधकांना किलोमागे प्रत्येकी 5 मिलिग्रॅमची मर्यादा घातलेली आहे. आयएसआय चिन्ह निरुपयोगी आहे, असे कृपया कुणी समजू नये. तुळशीबागेत चिन्ह नसलेले स्वस्त खेळणे आणि चिन्ह असलेले खेळणे यांत निवड करायची असेल, तर दुसरेच घ्यावे आणि भारतीय मानक ब्युरोच्या बीआयएस केअर अ‍ॅपवर परवाना क्रमांक टाकून ते खरे आहे का ते पाहावे. फक्त त्या चिन्हाने या प्रश्नाचे उत्तर मिळत नाही.

चिकित्सक पुणेकर

पाषाणकरांचा प्रतिसाद माहितीपूर्ण आहे, पण दोन बाबी मांडल्याशिवाय राहवत नाही.

पहिली मात्रेची. एखादे रसायन ‘सापडले’ म्हणजे ते अपायकारक मात्रेत आहे, असे होत नाही. 2024 मध्ये काळ्या प्लास्टिकच्या घरगुती वस्तूंतील ज्वालारोधकांवरील एक शोधनिबंध ‘केमोस्फिअर’मध्ये आला आणि जगभर लोकांनी काळे कलथे कचऱ्यात टाकले. नंतर लक्षात आले की, किलोमागे 7,000 नॅनोग्रॅम ही दैनंदिन मर्यादा 60 किलोच्या माणसासाठी गुणताना 4,20,000 ऐवजी 42,000 लिहिले गेले होते. निबंधातील 34,700 नॅनोग्रॅमचा अंदाज मर्यादेला टेकलेला वाटला, तो प्रत्यक्षात तिच्या दहाव्या हिश्शाहूनही कमी होता. चौथीतल्या मुलाच्या वहीत अशी चूक सापडली असती, तर आपल्याकडे उठाबशा काढाव्या लागल्या असत्या.

दुसरी बाब आगीची. पॉलियुरेथेनचा धूर अतिशय विषारी असतो, त्यात कार्बन मोनॉक्साइडबरोबर हायड्रोजन सायनाइडही असते. स्वयंपाकघर शेजारी असलेल्या फ्लॅटमध्ये दहा-पंधरा मुले फोमवर झोपलेली असताना ‘रसायन नको’ म्हणून साधा फोम आणणे कितपत शहाणपणाचे, याचे उत्तर आकड्यांनिशी मिळावे.

पाषाणकर

गुणाकाराची चूक खरी आहे आणि ती दाखवून दिली हे बरेच झाले. मात्र त्या निबंधातील मोजमाप चुकीचे नव्हते. 203 वस्तूंपैकी ब्रोमीन जास्त दिसलेल्या 20 वस्तू सविस्तर तपासल्या, त्यांपैकी 17 मध्ये ज्वालारोधके मिळाली आणि तपासलेल्या वस्तूंत खेळणीही होती. शिवाय तो हिशोब 60 किलोच्या प्रौढाचा आहे. पाळणाघरातील मूल दहा-बारा किलोचे असते, आणि ते कलथ्याने शिजवलेले खात नाही, तर ठोकळा थेट चावते.

खेळण्यांत ही रसायने कुणी मुद्दाम घालत नाही, हे इथे सांगायला हवे. दूरदर्शन संच आणि संगणकांच्या जुन्या आवरणांचे प्लास्टिक ज्वालारोधक घालून बनवलेले असे. ते भंगारातून वितळवून पुन्हा वापरात येते आणि त्याचा रंग एकसारखा करता येत नसल्याने बहुधा काळे केले जाते. 2017 मध्ये 26 देशांतील बाजारांतून घेतलेल्या रंगीत घन-कोड्यांसारख्या खेळण्यांच्या तपासणीत बहुतेक नमुन्यांत ऑक्टा किंवा डेका पीबीडीई मिळाले होते. खेळण्याला आग रोखण्याची काही गरज नव्हती आणि इतक्या कमी मात्रेत ती रसायने आग रोखूही शकत नव्हती. म्हणजे निव्वळ उपद्रव. प्लास्टिकचा पुनर्वापर ही चांगली गोष्ट आहे, पण विषारी प्रवाह आधी वेगळा काढला नाही तर बंदी घातलेले रसायन मागील दाराने मुलांच्या हातात येते.

फोमच्या आगीबद्दल : अमेरिकेच्या ग्राहक उत्पादन सुरक्षा आयोगाने टीबी 117 प्रमाणे बनवलेला फोम आणि साधा फोम यांची तुलना केली तेव्हा, उघड्या ज्वाळेपुढे रसायनयुक्त फोमने व्यवहारात म्हणावे असे अधिक संरक्षण दिले नाही. खऱ्या आगीत आधी कव्हर पेटते आणि ती ज्वाळा फोमपर्यंत पोहोचते तेव्हा ती चाचणीतल्या ज्वाळेहून कितीतरी मोठी झालेली असते. उलट हॅलोजनमुळे ज्वलन अपूर्ण राहते आणि कार्बन मोनॉक्साइड व काजळी वाढते. तुम्ही ज्या धुराची भीती व्यक्त केलीत, तो या रसायनांनी कमी होत नाही. 2017 मध्ये याच आयोगाने मुलांच्या वस्तू, गादीदार फर्निचर, गाद्या आणि इलेक्ट्रॉनिक वस्तूंची आवरणे यांत हॅलोजनयुक्त मिश्र ज्वालारोधके वापरू नयेत, अशी मार्गदर्शक सूचना उत्पादकांना दिली, आणि ती एकेका रसायनापुरती न ठेवता संपूर्ण वर्गाबद्दल दिली. एकाला बंदी घालायची आणि त्याचे भावंड आणायचे, हा 1977 पासूनचा खेळ थांबवायचा असेल तर वर्गनिहाय निर्बंधाखेरीज दुसरा मार्ग मला दिसत नाही. आपल्या खेळण्यांच्या मानकातही तोच यावा.

जिन्याखालचा अभियंता

अग्निसुरक्षेच्या कामात असल्याने तेवढ्यापुरते लिहितो. महाराष्ट्र आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजना अधिनियम, 2006 खाली बसवलेली यंत्रणा चालू स्थितीत असल्याचे ‘ब’ नमुन्यातील प्रमाणपत्र जानेवारी आणि जुलैमध्ये परवानाधारक संस्थेकडून द्यावे लागते. तो विषय पंप, होज, अलार्म आणि अग्निशामक सिलिंडर यांचा आहे, तुमच्या गादीत कोणते रसायन आहे याचा नव्हे. सल्लागारांनी फायर रिटार्डंट फोम हवाच असे म्हटले असेल, तर कोणत्या नियमाच्या कोणत्या कलमाखाली, हे त्यांच्याकडून लेखी घ्यावे. आमच्या व्यवसायात तोंडी सूचना फार स्वस्त असतात.

पाळणाघरात खरी जोखीम कुठे असते ते मी पाहिलेले आहे : एकाच एक्स्टेन्शन बोर्डावर चालणारे हीटर आणि इंडक्शन, गळतीरोधक ब्रेकर नसलेले जुने वायरिंग, पडद्याला खेटून लावलेले देवघरातील निरंजन आणि बाहेरच्या दारासमोर रचून ठेवलेल्या गाद्या. धुराचा इशारा देणारे बॅटरीवरचे यंत्र झोपण्याच्या खोलीत बसवा, दुपारी मुले झोपलेली असताना स्वयंपाकघराचे दार बंद ठेवा आणि गाद्यांचा ढीग वाटेत नको. फोमच्या दरातील फरकाचे पैसे यात घातले तर सत्कारणी लागतील.

भवानीपेठकर

आमचा फोम आणि रेक्झिनचा व्यवसाय आहे. साध्या भाषेत सांगतो. घरगुती गादीचा नवा फोम घेतला तर त्यात ज्वालारोधक घातलेले असेलच असे नाही, कारण गिऱ्हाईक मागत नाही आणि कुणी फुकट रसायन घालत नाही. फायर रिटार्डंट माल प्रामुख्याने चित्रपटगृहे, हॉटेले, बस आणि रेल्वेच्या आसनांसाठी मागवला जातो. त्याचा उरलेला तुकडा-माल स्वस्तात बाहेर पडतो, आणि तो मुलांच्या ठोकळ्यांत जात नाही असे मी छातीठोकपणे सांगणार नाही.

ताईंनी लक्ष ठेवायचे ते रिबॉन्डेडवर. रंगीबेरंगी तुकडे दाबून चिकटवलेला तो टणक, जड फोम असतो. तुकडे कुठून आले याचा पत्ता विकणाऱ्यालाही नसतो, त्यात जुन्या आसनांचेही असू शकतात. पाळणाघरासाठी तो घेऊ नका. एकरंगी, नवा, ज्याच्या बिलावर घनता आणि उत्पादकाचे नाव आहे असा फोम घ्या, आणि कव्हराची चेन उघडून आत पाहिल्याशिवाय पैसे देऊ नका. याहून सोपे म्हणजे पॉलिस्टर फायबरची किंवा पिंजाऱ्याकडून भरून घेतलेली कापसाची पातळ गादी. कापसाची पावसाळ्यात दमट होते आणि तिला ऊन दाखवावे लागते, एवढाच त्रास. जुना फोम भंगारात विकू नका, कारण तोच फिरून रिबॉन्डेडमध्ये येतो. जाळू तर मुळीच नका.

जाईजुई

सर्वांचे मनापासून आभार. सल्लागारांना लेखी विचारले आहे. गाद्या पॉलिस्टर फायबरच्या घेणार आहे. ठोकळ्यांना मात्र फोमच लागेल. पुरवठादाराला पाठवण्याच्या पत्रात मी असे लिहिले आहे : ‘माल नवीन फोमचा असावा, रिबॉन्डेड नसावा आणि ब्रोमीनमुक्त असावा.’ एवढे पुरेसे आहे का? आणि सोनाराकडे कॅरेट मोजण्याचे जे यंत्र असते तेही क्ष-किरणांवरच चालते, तर लक्ष्मी रोडवरच्या एखाद्या पेढीत फोमचा तुकडा तपासून मिळेल का, असे माझ्या यजमानांनी विचारले आहे. विनोदाने विचारले असावे, पण मला उत्तर देता आले नाही.

पाषाणकर

प्रश्न विनोदी अजिबात नाही. तत्त्व तेच आहे आणि ब्रोमीन शोधायला तशीच हातात धरायची यंत्रे वापरतात. पण सोनाराचे यंत्र सोने, चांदी, तांबे अशा धातूंसाठी प्रमाणित केलेले असते, त्यावर फोममधील ब्रोमीनचा विश्वासार्ह आकडा मिळणार नाही. शिवाय अशा यंत्राने मूलद्रव्य कळते, संयुग कळत नाही. नेमके रसायन हवे असेल तर नमुना विरघळवून क्रोमॅटोग्राफी करणाऱ्या प्रयोगशाळेकडे जावे लागते, आणि एका पाळणाघराने तो खर्च करावा असे मी सुचवणार नाही. मोठ्या शाळा किंवा अनेक पाळणाघरे एकत्र येऊन खरेदी करत असतील, तर एका नमुन्याची तपासणी वाटून घेता येईल.

पत्रातील ‘ब्रोमीनमुक्त’ हा शब्द अपुरा आहे. टीडीसीपीपी, टीसीईपी आणि टीसीपीपी यांत ब्रोमीन नसतेच, क्लोरीन असते. पुरवठादार खरे बोलूनही तुम्हाला तोच माल देऊ शकेल. त्याऐवजी असे लिहावे : ‘फोम, कव्हर आणि शिवणीतील भरण यांपैकी कशातही ब्रोमीनयुक्त, क्लोरीनयुक्त किंवा ऑर्गनोफॉस्फेट प्रकारचे ज्वालारोधक रसायन मिसळलेले नाही, आणि अशा रसायनांची एकूण मात्रा प्रत्येक घटकाच्या वजनाच्या 0.1 टक्क्याहून कमी आहे, असे उत्पादकाचे सहीशिक्क्याचे पत्र मालासोबत द्यावे.’ दुकानदाराचे नव्हे, उत्पादकाचे. ते देण्यास टाळाटाळ झाली तर दुसरा पुरवठादार पाहावा.

बदलाचा उपयोग होतो का, अशी शंका पालकांनी काढली तर सांगण्यासारखा एक अभ्यास आहे. सिअ‍ॅटल परिसरातील पाळणाघरांत ज्वालारोधक असलेल्या झोपेच्या गाद्या काढून रसायनविरहित गाद्या दिल्या गेल्या, तेव्हा तेथील धुळीतील अनेक ज्वालारोधकांचे प्रमाण 40 ते 90 टक्क्यांनी उतरले. फॉस्फेट प्रकारची संयुगे शरीरातून काही दिवसांत बाहेर पडतात, त्यामुळे उगम काढला की फरक लवकर पडतो. जुन्या गाद्या मुले घरी गेल्यावर, मोठ्या पिशव्यांत बंद करून हलवा. नंतर केरसुणीने झाडू नका, त्याने धूळ उडते. लादी, खिडक्यांच्या कडा आणि कपाटांचे माथे ओल्या फडक्याने पुसून काढा आणि फडके लगेच धुवा. पुढेही रोज हेच करा, आणि जेवणापूर्वी मुलांचे हात साबणाने धुवा.

तीन वर्षांखालच्या मुलांच्या टोपलीतून नाव-गाव नसलेली काळ्या प्लास्टिकची खेळणी आधी वेगळी काढा. ठोकळे त्यानंतर आले तरी चालतील.